ज्याचं बिल होत नाही

आईला घेऊन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जायचो तेव्हा हातात दोन कागद यायचे. पहिला केसपेपर. त्यावर नाव, वय, गाव, शिक्का आणि डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरातल्या तीन ओळी. दुसरी नुसती चिठ्ठी, वहीच्या चतकोर पानाची. तिच्यावर ना शिक्का, ना सही. फक्त गोळीचं नाव आणि सोबत तोंडी सूचना : ‘संपलीय, बाहेरून आणा.’ गोळी रक्तदाबाची, रोज एक. फाटकासमोरचा मेडिकलवाला आई रस्ता ओलांडत असतानाच पाकीट काढून ठेवायचा. आईने यावर स्वतःचा उपाय शोधला होता. ती गोळी दिवसाआड घ्यायची. महिनाअखेरीला तेल-साखर पुरवावी तशी ती गोळ्याही पुरवायची. आम्हाला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

एका पहाटे तिची उजवी बाजू गेली. त्यानंतर मात्र सरकारने हात आखडला नाही. 108 ची गाडी आली. जिल्ह्याच्या गावातल्या खासगी रुग्णालयात रेशनकार्ड दाखवलं, सरकारी योजनेच्या आरोग्यमित्राने कागद पुढे सरकवले, मंजुरी आली. पंधरा दिवसांच्या मुक्कामाचं बिल मला भरावं लागलं नाही. त्या योजनेचा मी ऋणी आहे, हे आधीच सांगतो. पण खाटेशेजारी बसून जो हिशेब मी करत होतो, तो आजही सुटलेला नाही. महिन्याची गोळी सरकारकडे नव्हती, मोठ्या उपचाराचे पैसे होते. सरकारने माझ्या आईवर खर्च केला, पण वेळ गेल्यावर केला.

आरोग्याचा खर्च सरकारने उचलावा की नाही, हा वाद आपल्याकडे दोन म्हणींच्या आधारे चालतो. एका बाजूला ‘फुकट ते पौष्टिक’, दुसऱ्या बाजूला ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’. दोन्हींत थोडं तथ्य आहे. आईची गोष्ट मात्र दोन्हींत बसत नाही, म्हणून वाद मुळापासून तपासायला हवा.

सरकारने खर्च का उचलावा? मंडईत वांगी घेताना आपण देठ बघतो, कीड बघतो, भाव पटला नाही तर पुढच्या गाळ्यावर जातो. दवाखान्यात यातलं काहीच चालत नाही. आपल्याला काय हवं ते विकणाराच ठरवतो, आणि घासाघीस करायच्या स्थितीत आपण नसतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने 1963 च्या एका निबंधात हेच मांडलं : आजार कधी येईल ते माहीत नाही, उपचार कितपत लागू पडेल ते माहीत नाही, आणि जी माहिती आहे ती सगळी डॉक्टरच्या बाजूला, मग बाजाराचे नेहमीचे नियम इथे कसे चालतील?

आपल्याकडचा दाखला बीडचा आहे. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या भागात ‘पिशवी काढली’ असं इतक्या सहज सांगतात, जणू दाढ काढली. फडावर पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, अंगावर उचल आहे, आणि डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल. बाईने बहुतेक वेळा पदरच्या किंवा कर्जाऊ पैशांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. ग्राहक राजा असतो म्हणणाऱ्यांनी या राणीची अवस्था जरूर पाहावी.

शिवाय काही कामं अशी आहेत, की ती सरकारशिवाय कोणी करणारच नाही. शेजाऱ्याच्या मुलाला लस मिळाली की माझं मूलही वाचतं, पण त्या लसीचे पैसे मी कशाला देऊ? पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर मुलांच्या बोटाला शाई लागत होती, त्यामागे कुणाचा नफा नव्हता. जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडलेला रुग्ण देशातला शेवटचा ठरला आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 मध्येच लिहून ठेवलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. ती कल्पना किती रास्त होती, ते या एका कामातही दिसतं.

आता दुसरी बाजू. ती नुसती आळशी कारकून आणि अस्वच्छ वॉर्डांपुरती नाही. आरोग्यासाठी सरकार प्रथम घरात शिरलं त्याची महाराष्ट्राची आठवण 1897 च्या प्लेगची आहे. पुण्यात गोरे सोजीर रोगी शोधायला माजघरापर्यंत गेले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या. सेवा आणि सक्ती, दोन्ही एकाच साथीत. पुढे आणीबाणीत नसबंदीची ‘उद्दिष्टं’ गावोगाव पोचली. ज्याच्या हाती औषध, त्याच्या हाती हुकूमही येतो. सरकारी आरोग्यसेवेचा कैवार घेणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरी अडचण रांगेची. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा 5 जुलै 1948 ला सुरू झाली. तिची उभारणी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी 1951 मध्ये राजीनामा दिला, त्यात चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावण्याचा वाद होता. म्हणजे तीन वर्षांतच फुकटची मर्यादा दिसू लागली होती. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या उपचारांच्या प्रतीक्षायादीवर 75 लाखांहून अधिक नोंदी होत्या. पैशाने वाटप थांबलं, की वेळेने सुरू होतं. आपल्याकडे तर रांगेलाही किंमत आहे. ओपीडीत सकाळी आठला लागलेला नंबर दुपारी दीडला आला, तर मजुराचा रोज बुडतो. केसपेपर दहा रुपयांचा असो की फुकट, त्याला तो पाचशेला पडतो.

तिसरी अडचण खरेदीची. औषधं असतात, पैसेही मंजूर असतात, मधे निविदा असते. 2017 मध्ये राज्याने सरकारी रुग्णालयांची खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली. टंचाईच्या तक्रारी थांबेनात म्हणून 2023 मध्ये वेगळं खरेदी प्राधिकरण आणलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेरीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात होते. औषधटंचाईचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला. पण आरोप सर्वांना लगेच खरा वाटला, हीसुद्धा व्यवस्थेची एक प्रकृतीच आहे. हे अटळ नाही. तमिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं आणि प्रत्येक रुग्णालयाला औषधांचं पासबुक दिलं. कोणाच्या वाट्याला किती रकमेची औषधं आहेत आणि किती उचलली, ते त्या पासबुकात दिसतं. तेही सरकारच आहे.

सरकारी दवाखाना सुधारणं कठीण, म्हणून मधला मार्ग निघाला : दवाखाना कोणाचाही असो, सरकार फक्त बिल भरेल. महाराष्ट्रात 1997 ला जीवनदायी योजना आली. 2012 मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी राज्यभर नव्या रूपात आली, 2017 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत 2018 ची. आज दोन्ही मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, 2023 च्या निर्णयाने उपचारांची यादी 1356 वर गेली आणि कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालू लागलं. ज्या शेतकऱ्याला बायपाससाठी एकर विकावा लागला असता, त्याचा एकर वाचला. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आल्याचं सरकारी लेखे सांगतात. ही घट सगळी विम्याची नसेल, पण ती लहान नाही.

मात्र बिल भरणाऱ्याला बिल वाढवणारेही भेटतात. 2012 मध्ये छत्तीसगडमध्ये उघड झालं, की राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर खासगी डॉक्टरांनी गरज नसलेल्या बायकांची गर्भाशयं काढली. नोव्हेंबर 2024 मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने गावात शिबिर घेतलं, तिथल्या लोकांना नेऊन अँजिओप्लास्टी केली. दोघे दगावले आणि प्रकरण पोलिसांत गेलं. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात आयुष्मानचे जवळपास साडेसात लाख लाभार्थी 9999999999 या एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले सापडले.

आता बीड आणि छत्तीसगड शेजारी ठेवा. बीडमध्ये पैसा बाईचा होता, छत्तीसगडमध्ये सरकारचा. पिशवी दोन्हीकडे निघाली. पैसा कोणी दिला यावर आपण सत्तर वर्षं भांडतो आहोत, पण सुरी चालते ती पैसा कशाबद्दल मिळतो त्यावर. दर शस्त्रक्रियेला पैसे ठेवले, की शस्त्रक्रिया वाढणार. आणि जिचं बिलच होत नाही, ती रोजची गोळी, तो महिन्याचा मोजलेला रक्तदाब, ती बाळंतिणीच्या घरची फेरी, हे सगळं आपोआप मागे पडणार.

थायलंडने 2002 मध्ये सर्वांसाठी आरोग्यसेवेचा कायदा केला तेव्हा ही खोच ओळखली होती. बाह्यरुग्ण सेवेसाठी तिथे नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर, डोईमागे पैसे मिळतात. माणूस ठणठणीत राहिला तर दवाखान्याचं नुकसान नाही, उलट बचत. त्याआधी काही दशकं त्यांनी खेडोपाडी रुग्णालयं बांधली आणि नव्या डॉक्टरांना तिथे पाठवलं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. कार्ड दाखवायला आधी दार लागतं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली : वजन करणं, उबेत ठेवणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, वेळप्रसंगी प्रतिजैविक देणं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांचा विचार करता, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी हे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांचं काम झालं. ती आशा आजही सरकारची नोकर नाही, स्वयंसेविका आहे. रुग्णालयाला पॅकेज मिळतं आणि तिला तिच्या मोबदल्यासाठी आझाद मैदानावर बसावं लागतं.

असं का होतं, याचं उत्तर वैद्यकशास्त्रात शोधू नये. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण मंचावर येऊन हात जोडू शकतो. न आलेल्या झटक्याचा फोटो निघत नाही. जी बाई धडधाकट शेतावर गेली, तिला आपण कशातून वाचलो हे ठाऊकच नसतं. ती आभार कोणाचे मानणार आणि मत कोणाला देणार? मोठ्या उपचाराची योजना निवडणुकीच्या फलकावर शोभते. ‘आमच्या काळात गोळी कधी संपली नाही’ असा फलक मी अजून पाहिलेला नाही.

माझं मत सांगतो. सरकारने खर्च उचललाच पाहिजे. पण खाली, गावाच्या आणि वॉर्डाच्या पातळीवर, दवाखाना सरकारने स्वतः चालवावा, कारण तिथे बिल होत नाही म्हणून दुसरं कोणी टिकणार नाही. वर, मोठ्या शस्त्रक्रियांसाठी, खासगीकडून सेवा विकत घ्यायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून. यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे : आज ज्याला कॅन्सर झाला आहे, त्याला तुम्ही उद्याच्या गोळ्यांसाठी थांबायला सांगणार का? नाही सांगणार. म्हणूनच आहे तो पैसा इकडचा तिकडे करून भागणार नाही. 2017 च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. 2021-22 मध्ये, कोविडचा खर्च धरूनही, तो 1.84 टक्के होता. उरलेल्या अंतरातला प्रत्येक नवा रुपया आधी खाली जावा, एवढंच मागणं आहे.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसे गेले, चांगलं झालं. दुसऱ्या कागदाचं, त्या चिठ्ठीचं काय झालं, हे मात्र प्रत्येक गावाला स्वतः विचारावं लागेल. शहरात असाल तर वॉर्डातल्या दवाखान्यात विचारा. गावी असाल तर 26 जानेवारीला ग्रामसभा असते. तिथे उठून एकच प्रश्न विचारा : आपल्या उपकेंद्रात गेल्या बारा महिन्यांत रक्तदाबाची गोळी किती महिने होती? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.