सेवा कोणती आणि वेठ कोणती?



बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्तीतील पालक माझ्याकडे येतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. त्यामुळे पुढच्या शिक्षणाची वाट मला ठाऊक असेल असे त्यांना वाटते. गेल्या वर्षी एक उपासक आले. त्यांच्या मुलीला फिजिओथेरपी, म्हणजे भौतिकोपचार, शिकायचे होते. एका तरुणीला म्हाताऱ्या रुग्णाचा पाय मांडीवर घेऊन बसलेली त्यांनी दवाखान्यात पाहिली होती. ते कळवळून म्हणाले, "सर, आमच्या बापजाद्यांनी गावाची मेलेली गुरं ओढली, वाड्यावर राबले. आता शिकलेल्या पोरीनंही लोकांचे पायच चोळायचे का? मग दीक्षा कशाला घेतली आपण?"

हा प्रश्न हसून सोडण्यासारखा नाही. ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या सेवाच मारली गेली, त्यांना सेवेचा उपदेश ऐकून राग येणारच. चातुर्वर्ण्याने शूद्राला सेवा नेमून दिली आणि अस्पृश्याच्या वाट्याला तर निव्वळ वेठ आली. महार वतनात रात्री-अपरात्री बोलावणे येई; बाप घरी नसला तर त्याच्या जागी मुलाला जावे लागे. ना कामाला वेळ, ना नाही म्हणण्याची मुभा. म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. आपण ते जू झुगारून दिले. मग आपल्या मुलांनी रुग्णसेवेचा व्यवसाय निवडणे म्हणजे त्याच जुवाखाली पुन्हा मान देणे आहे काय?

मला याचे उत्तर पुस्तकात नव्हे, आईच्या आजारपणात सापडले. तेच आपल्यापुढे ठेवतो.

आईला अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण उजवा हात लुळा राहिला. भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तेव्हा आईने अंग चोरले. दुखले असेल, असे मला वाटले. घरी आल्यावर ती म्हणाली, "आपण कोण, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही रे." लहानपणी दुकानदाराने वरून टाकलेले सुटे पैसे तिने ओंजळीत झेलले होते. परक्या माणसाने तिचा हात असा हातात धरण्याचा तो पहिलाच प्रसंग असावा.

बाईंनी तिला विचारले, "या हातानं काय करायचंय तुम्हाला?" आई म्हणाली, "भाकर थापायची." दुसऱ्या दिवसापासून परातीत भिजवलेले पीठ आले. रोज तेच बोट उघडणे, तेच मनगट वळवणे. मी मायेपोटी पेला उचलून आईच्या ओठांशी न्यायला गेलो, की बाई मला अडवीत. म्हणत, "तुम्हीच पाजलंत, तर हात कधी शिकणार?" विज्ञानाचा शिक्षक असूनही तेव्हा मला कळले की मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, परंतु त्याचे काम काही प्रमाणात मेंदूचे इतर भाग शिकू शकतात, आणि ते शिकतात ते रुग्णाने स्वतः पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीतून. न हलवलेला सांधा आखडतो, न वापरलेला स्नायू झिजतो. नुसत्या चोळण्याने हे काम होत नाही. त्याला शरीररचना, मज्जासंस्था आणि स्नायूंचे कार्य यांचा अनेक वर्षांचा अभ्यास लागतो.

काही महिन्यांनी बाई म्हणाल्या, "आता तुम्हाला माझी गरज नाही." हे सांगताना त्यांना आनंद झालेला दिसला. आईची भाकरी अजून थोडी वाकडी होते, पण तिच्याच हाताने होते.

सेवा आणि वेठ यांतील रेघ मला तेथे दिसली. पाय चोळून घेणारा धनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय पुढे करतो. उपचाराने बरा झालेला रुग्ण त्याच पायावर उभा राहून चालू लागतो. वेठीला अंत नसतो, कारण ती एकाचा आळस आणि दुसऱ्याची गुलामी दोन्ही वाढवते. खरी सेवा मात्र आपली गरज संपवण्यासाठीच राबते. वेठ जन्माने लादली जाते. सेवा ज्ञानाने कमावावी लागते आणि ती नाकारण्याचा अधिकार हाती असतो.

आता तथागतांकडे पाहू. विनयपिटकातील ती कथा आपण विहारात ऐकली असेल. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला धुतले आणि डोक्याकडून व पायाकडून धरून मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून बजावले की आजाऱ्याची शुश्रूषा ही खुद्द तथागतांचीच शुश्रूषा समजावी. हे काम भगवंतांनी कोणा खालच्या जातीवर सोपवले नाही, हे लक्षात घ्या. जे काम बुद्धाच्या हातांना चालले, ते हलके कसे?

काही जण म्हणतील, शुश्रूषा लाभासाठी नसावी. मग फी घ्यावी काय? बंधूंनो, भिक्खूला चीवर आणि भिक्षा मिळते. उपासकाला संसार चालवायचा असतो. त्याच्यासाठी सम्यक् आजीविका आहे. कष्टाचा दाम घेणे हा लोभ नव्हे. फुकट राबण्याचा आदर्श आपल्याला तर कोणी सांगूच नये. तो आपण पुष्कळ भोगला आहे. परंतु बऱ्या झालेल्या रुग्णाला पैशासाठी आणखी महिनाभर यायला लावणे, हा मात्र लोभ आहे.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. इस्पितळात झाडू कोणाच्या हाती असतो आणि स्टेथोस्कोप कोणाच्या, हे आजही पाहण्यासारखे आहे. जे काम सर्व जाती करतात तेच खरे मुक्त काम. आपल्या मुलांनी अभ्यास करून या क्षेत्रात जावे, ते यासाठीही.

हे क्षेत्र मोठे आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 साली कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. पोलिओने लुळी पडलेली मुले त्या काळी घरोघर दिसत. भारतात वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 साली आढळला. आता अर्धांगवायू, अपघात, गुडघ्यांचे विकार आणि वार्धक्य ही कामे पुढे आहेत. भौतिकोपचाराबरोबरच व्यवसायोपचार, वाचा व श्रवण उपचार, कृत्रिम अवयव तयार करणे, परिचर्या हेही मार्ग आहेत.

वाट सोपी मात्र नाही. भौतिकोपचाराच्या पदवीला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. बारावीला जीवशास्त्र आणि पुढे नीट परीक्षा द्यावी लागते. खासगी महाविद्यालयांची फी जड असते आणि सुरुवातीचा पगार बेताचा. 1990 पासून केंद्राच्याही अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू आहेत. तेव्हा शिष्यवृत्तीची चौकशी करा. जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले मूल अकरावीत असतानाच शोधा. चार-सहा महिन्यांत उपचारतज्ज्ञ बनवण्याच्या जाहिरातींना भुलू नका. महाविद्यालयाला मान्यता आहे का, पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी होते का, हे आधी विचारा.

आणि मुलीला किंवा मुलाला एवढेच विचारा: तू हे स्वतः निवडतोस का? त्यामागचे शास्त्र शिकायची तयारी आहे का? बरा झालेला माणूस तुला विसरून चालू लागला, तर तुला आनंद होईल का? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर आडवे येऊ नका.

त्या उपासकांना मी दुसरे काही सांगितले नाही. आईने केलेली भाकरी त्यांच्यापुढे ठेवली आणि तिची गोष्ट सांगितली. मुलगी आज पहिल्या वर्षाला आहे.

जयभीम.