वीस फुटांवरचा कडुलिंब

लासूर स्टेशनच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळते, असा एक अहंकार मी बाळगून होतो. गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलाने तो उतरवला.

मुलगा हुशार, हात मोकळा. पण तासाला तो सारखे डोळे चोळी, कपाळ दाबून धरी. वहीतून मान वर काढून फळ्याकडे पाहिले की क्षणभर डोळे किलकिले करी. मला कारण ठाऊकच होते! मी भर वर्गात म्हणालो, "रात्री मोबाइल पाहत बसतोस ना? मग डोळे दुखणारच." वर्ग हसला. मुलगा उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "सर, झाडाचं चित्र तुम्हीच रात्री ग्रुपवर टाकलं होतं. लई बारीक होतं. मोठं करून करून काढलं."

खरेच होते ते. एलिमेंटरी परीक्षेच्या सरावासाठी कुठलेसे कडुलिंबाचे चित्र शोधून रात्री साडेनऊला मीच पाठवले होते. आणि आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर, जेमतेम वीस फुटांवर, एक जिवंत कडुलिंब वाऱ्यावर डोलत उभा होता!

त्या दिवसापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. पोराच्या थकलेल्या डोळ्यांचा दोष मांडायचा तरी कोणाच्या खात्यावर?

डोळ्यांचे शास्त्र मी माझ्यापुरते समजून घेतले. एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. पडद्यावर टक लागली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळ्यांतला ओलावा सुकतो, मग ते चुरचुरतात. जवळचे पाहताना डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा स्नायू आवळलेला असतो. दूर पाहिले की तो सैल पडतो. तासन् तास मूठ आवळून बसलात तर हात दुखेल, तसेच हे. म्हणून डॉक्टर सांगतात, दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडचे काहीतरी वीस सेकंद पाहा. औषध फुकटचे आहे. निळा प्रकाश अडवणारे चष्मे मात्र पैसे मोजून घ्यावे लागतात. आणि २०२३ साली अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा असे दिसले, की डोळ्यांचा शीण कमी करण्यात त्यांचा फारसा उपयोग नसावा.

शीण विश्रांतीने जातो. पण वाढत्या वयाच्या डोळ्यांना सतत जवळचेच पाहायला लावले आणि मोकळा उजेड मिळू दिला नाही, तर दूरची नजर अधू होण्याचा धोका वाढतो. तैवानने २०१० साली, शाळकरी मुलांनी रोज दोन तास घराबाहेरच्या उजेडात काढावेत, असा कार्यक्रम हाती घेतला. वर्षानुवर्षे चढत गेलेले अधू नजरेचे प्रमाण तिथे पुढे काहीसे उतरले.

तेव्हा उपाय माहीत आहे, स्वस्त आहे, दाराबाहेर आहे. मग अडते कुठे? मला वाटते, ते अडते आपल्या नैतिक अधिकारापाशी.

आठवून पाहा. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. त्याआधी मुलाच्या हातात फोन दिसला की आपण हिसकावून घेत होतो. मग आपणच उसनवारी करून फोन घेतले आणि त्याच्या हाती देऊन म्हणालो, "ही तुझी शाळा." शाळा पुन्हा उघडल्या, पण आम्हा शिक्षकांना सवय लागली ती लागलीच. गृहपाठ ग्रुपवर, सूचना ग्रुपवर, चित्रही ग्रुपवर. मुलाने तेवढा फोन बाजूला ठेवावा, ही अपेक्षा मात्र कायम!

आपल्याच राज्यातली दोन गावे या बाबतीत मला विचारात पाडतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल बंद. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलांनी पुस्तक उघडायचे, मोठ्यांनी बोलायचे, वाचायचे. दोन्ही गावांची तळमळ सारखीच खरी आहे. पण पहिला नियम मुलांसाठी आहे, दुसरा सगळ्यांसाठी. बापाची मालिका आणि पोराचा खेळ एकाच भोंग्याने थांबतो, तेव्हा त्या नियमात शिक्षा उरत नाही. ती घराची रीत होते.

कोणी म्हणेल, "मास्तर, मोठ्यांचे काम असते फोनवर." असते ना. मोंढ्यातला कांद्याचा भाव शेतकरी त्यावरच पाहतो. शिकवणीला पैसे नसलेली मुलगी त्यावरच गणित समजून घेते. फोनला शाप देण्याइतका मी कृतघ्न नाही. पण रात्री जेवणानंतर आपण जे बोट फिरवत बसतो, त्यातले काम किती, हे ज्याने त्याने आपल्याशी मोजावे. मूल आपले बोलणे ऐकत नाही, ते आपली नजर कुठे आहे ते पाहते. आई चंद्राकडे बघते म्हणून तान्हे मूल चंद्राकडे बघते. ती पडद्याकडे बघत राहिली तर त्याने कुठे बघावे?

मी त्या मुलाची वर्गासमोरच माफी मागितली. चाळीशी उलटल्यावर हे सोपे नसते. आवाज जरा कापला. पुढच्या तासाला सगळा वर्ग कडुलिंबासमोर नेला. पहिली दहा मिनिटे गोंधळ. एकाने विचारले, "सर, फोटो काढून घेऊ का?" सगळे हसले. त्याच क्षणी माझाही हात खिशातल्या फोनकडे गेला होता, हे मुलांच्या नजरेतून सुटले नाही! मग हळूहळू कागद खरखरू लागले. त्या मुलाचे झाड काही सुबक आले नाही. पण एक सुकलेली फांदी त्याने काढली होती. ती मला आठ वर्षांत दिसली नव्हती.

त्याचे डोळे आता डॉक्टरांकडून तपासून झाले आहेत. चष्मा लागला आहे. माझ्या माफीने तो उतरणार नाही. माझ्या हाती एवढेच, की रात्री आठनंतर मी ग्रुपवर काही टाकत नाही.

वाचकहो, हा अंकही आपण डोळ्यांजवळ धरूनच वाचत आहात. हे पान संपले की तो मिटा आणि जरा अंगणात या. आकाशकंदील आपण उंच टांगतो तो दुरून दिसावा म्हणूनच. पण घरातल्या पोराला "जा, बघून ये" म्हणू नका. त्याच्याबरोबर जा.