‘तुमच्यासाठी थांबले’ असं मी म्हणणार होते

बीकॉमचा निकाल लागून दोन-अडीच महिने झाले होते. गुरुवारी दुपारी पुण्याहून फोन आला. अकाउंट्सची नोकरी, महिना १७ हजार, सोमवारी हजर व्हायचं. “शनिवारपर्यंत कळवा,” एवढं बोलून पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला. मी तेव्हा अंबाजोगाईत आमच्या घरात, पप्पांचा उजवा हात गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत होते.

दीड वर्षापूर्वी पप्पांना अर्धांगाचा झटका आला. टेम्पो विकावा लागला. आई ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. धाकटा भाऊ तेव्हा अकरावीत. मोंढ्यातल्या एका अडत दुकानात हिशेबाचं काम मला मिळत होतं, महिना ७ हजार, घरापासून चालत दहा मिनिटं.

रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाईलमध्ये दोन रकाने केले. तुम्हीही केले असतील, आपण सगळेच करतो. एकावर ‘जाणं’, दुसऱ्यावर ‘राहणं’. पुण्यात आधीच गेलेल्या मैत्रिणींना विचारून आकडे भरले. खोलीतली एक कॉट ४,५००, मेस ३,२००, बस आणि रिचार्ज १,३००, सटरफटर १,०००. झाले १० हजार. उरले ७ हजार. मोंढ्यातलेही ७ हजारच.

मी तो आकडा दोनदा तपासला. पैशांवर निकाल लागला असता तर किती सोपं झालं असतं! ‘घरासाठी जावं लागतंय’ असं म्हणत डोळे पुसत बॅग भरता आली असती. पण हातात उरणारी रक्कम दोन्हीकडे सारखी. म्हणजे जायचं तर ‘मला जायचंय’ एवढंच कारण शिल्लक राहत होतं. आणि आजारी बाप घरात असताना ‘मला जायचंय’ हे वाक्य मला स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हणवत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, राहायचं. ठरवल्यावर बरं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. बाकीच्या पोरी गेल्या, मी थांबले.

शुक्रवारी संध्याकाळी आई मशिनवर होती. मी जाऊन सांगितलं, “मी नाही जात. तुमच्यासाठी थांबते.”

आईनं मशिन थांबवलं नाही. शिवण संपवली, दोरा तोडला आणि म्हणाली, “आमच्यासाठी थांबतेस, तर आमाला इचारलंस का?”

मी गप्प.

“उद्या काही मनासारखं झालं नाही, तर म्हणशील, ह्यांच्यापायी राहिले. ते वझं मी कशाला घेऊ? राहायचं तर तुझ्यासाठी राहा, जायचं तर तुझ्यासाठी जा. माझ्या नावावर टाकू नको.”

मला राग आला. एवढा मोठा त्याग घेऊन आपण उभे आहोत आणि समोरची व्यक्ती तो घ्यायलाच तयार नाही, यासारखा अपमान नाही. मी म्हटलं, “मग तुझं एकटीचं कसं होईल?”

त्यावर ती जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. “मी एकोणीस वर्षांची असताना ह्या घरात आले. माझी आई एकटीच होती, केजला. तवा कुणी म्हणलं का, हिच्या आईचं कसं होईल?”

*

पुढे पुण्यात आल्यावर एका रविवारी वाचनालयात सार्त्रच्या एका व्याख्यानाबद्दल वाचलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसमध्ये दिलेलं हे व्याख्यान अस्तित्ववादाबद्दल आहे. त्यात तो आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. महायुद्ध चालू आहे. या मुलाचा मोठा भाऊ १९४० मध्ये जर्मन हल्ल्यात मारला गेला आहे. आईवडिलांचं पटत नाही, आई या एका मुलाच्या आधारानं जगते आहे. मुलापुढे दोन वाटा आहेत. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात सामील व्हायचं, किंवा आईजवळ राहायचं. तो सार्त्रकडे सल्ला मागायला येतो. सार्त्र सल्ला देत नाही. तू मोकळा आहेस, तेव्हा तूच निवड, असं त्याच्या सांगण्याचं सार आहे. कुठलाही धर्म, कुठलंही नीतिशास्त्र तुझ्या वतीनं हे ठरवू शकत नाही.

मी ते वाचलं आणि माझा अंबाजोगाईतला शुक्रवार आठवला. युद्ध सोडलं तर प्रश्न तोच. आणि सार्त्रचं म्हणणं पटतंही. माझे रकाने मला काही सांगू शकले नाहीत, कारण कुठल्या ओळीला किती वजन द्यायचं हे शेवटी मीच ठरवणार होते.

पण त्या गोष्टीत एक माणूस आहे, जो बोलतच नाही. ती आई. मुलगा गेला तर तिचं काय होईल हे मुलाला माहीत आहे, सार्त्रला माहीत आहे, आता आपल्यालाही माहीत आहे. फक्त तिला कुणी विचारत नाही. मुलगा गुरूंकडे जातो, आईकडे जात नाही. माझंही तेच झालं होतं. मी मैत्रिणींना विचारलं, सरांना विचारलं, रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलला विचारलं. ज्यांच्यासाठी म्हणून मी थांबणार होते ती दोन माणसं भिंतीपलीकडे झोपली होती.

तेव्हापासून मला वाटतं, न विचारता केलेला त्याग म्हणजे न विचारता दिलेलं कर्ज. घेणाऱ्याला माहीतही नसतं आणि व्याज चढत राहतं. वीस वर्षांनी कुठल्या तरी भांडणात त्याची वसुली होते. ‘तुमच्यासाठी मी पुण्याची नोकरी सोडली.’ आपण सगळ्यांनी कुणाच्या ना कुणाच्या घरी हे वाक्य ऐकलेलं आहे.

आणि हे फक्त राहणाऱ्यांचं नाही. ‘तुमच्यासाठीच तर इतक्या लांब राबतोय’ हे जाणाऱ्यांचं वाक्यही त्याच वहीतलं आहे.

*

आईच्या दुसऱ्या वाक्यावर मी जास्त दिवस विचार केला.

आपल्याकडे बायका घर सोडतातच. पिढ्यान्‌पिढ्या सोडत आल्या आहेत. वयाच्या अठराव्या, एकोणिसाव्या, बाविसाव्या वर्षी सगळा गोतावळा मागे ठेवून अनोळखी घरात राहायला जातात. तो कुणाला नैतिक पेच वाटत नाही. त्याला मंडप घालतात. तीच मुलगी तेवढ्याच अंतरावर स्वतःच्या नोकरीसाठी निघाली की सगळ्यांना तिच्या आईवडिलांची काळजी वाटू लागते. माझ्या आत्यानं फोनवर सांगितलं होतं, “लग्न करून जा की मग पुण्याला, कोण अडवतंय?” म्हणजे पप्पांचा हात शेकायला कोण असेल हा प्रश्न नव्हताच. मी कुणाच्या सांगण्यावरून निघते हा प्रश्न होता.

‘जावं की राहावं’ हा पेच ज्याला पडतो त्याला निवड मिळालेली असते, हेही मला तेव्हाच कळलं. माझ्या वर्गातली एक मैत्रीण निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेली. ती जवळच्या एका गावातली, वेशीबाहेरच्या वस्तीतली. माझे रकाने मी तिला पाठवले, तेव्हा तिनं उत्तर दिलं, “तुला गाव सोडवत नाही, कारण गावानं तुला धरलंय. आमाला गावानं कधी धरलं होतं?”

गांधीजींना खेडं हा या देशाचा पाया वाटायचा. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत राज्यघटनेचा मसुदा मांडताना याच्या अगदी उलट भूमिका घेतली. खेड्यात त्यांना संकुचितपणा आणि अज्ञान दिसत होतं. शाळेत असताना मला हा फक्त दोन मोठ्या माणसांमधला मतभेद वाटायचा. मैत्रिणीच्या त्या एका मेसेजनंतर कळलं की गावाची ओढ किती वाटावी हे आपलं घर वेशीच्या कुठल्या बाजूला आहे यावरही ठरतं. माझ्यासाठी जाणं म्हणजे काहीतरी तुटणं होतं. तिच्यासाठी ते सुटणं होतं. तिला जाऊन पुण्यात सगळं मोकळं मिळालं असंही नाही. तिथेही खोली दाखवण्याआधी मालकीणबाईंनी “पूर्ण नाव काय?” असं विचारलंच. तिसऱ्या घरी तिला कॉट मिळाली. तरी ती परत यायचं म्हणत नाही.

*

शेवटी मी गेले. आई म्हणाली म्हणून नाही. शनिवारी सकाळी मी पप्पांजवळ बसले आणि पहिल्यांदा ते वाक्य मोठ्यानं म्हटलं. “पप्पा, मला जायचंय.” पुढे कारण जोडलं नाही. झटक्यानंतर पप्पांचं बोलणं सावकाश झालंय. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “व्यायाम... कोण घेईल?”

हा खरा प्रश्न होता आणि त्याला खरं उत्तर लागत होतं. मग आम्ही चौघं बसलो. सकाळचा व्यायाम भाऊ घेईल, क्लासला अर्धा तास उशिरा जाईल. दुपारचा आई. फिजिओथेरपीवाल्यांकडे आठवड्यातून दोनदा रिक्षा, तिचे पैसे मी पाठवायचे. भाऊ तोंड वाकडं करत म्हणाला, “म्हंजी तू जायलीस आणि उठायचं मी.” बरोबर बोलला. माझ्या जाण्याची किंमत रोज सकाळी साडेसहाला तो देणार होता. निदान ती त्याच्या तोंडावर ठरली. आणि बारावीनंतर त्याला कुठे जायचं असेल तर तेव्हा मी काय करायचं, हेही त्यानं त्याच बैठकीत वदवून घेतलं.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचताना मला माझा भाऊ आठवतो. कोकणातले, घाटावरचे पुरुष गिरणगावात राबायचे, मनीऑर्डर पाठवायचे. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पण मागे शेत, गुरं, म्हातारी माणसं ज्या बायकांनी सांभाळली त्यांच्या जिवावर ते शहरात राहू शकले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. महिन्यांवर महिने गेले, आणि त्यांच्यातले पुष्कळजण जिथून आले होते तिथेच परतले. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्यानं चालत निघालेली माणसंही गावाकडेच निघाली होती. मागे कुणीतरी घर धरून ठेवलेलं असतं, म्हणून जाणाऱ्याला जाता येतं. गावात राहिलेल्याला आपण ‘त्याचं काही झालं नाही’ म्हणतो, तेव्हा आपण हेच विसरलेलो असतो.

*

पुण्यात येऊन मला आता दोन वर्षं झाली. गेल्या श्रावणात पप्पा काठी न धरता अंगणातून दारापर्यंत चालले. भावानं व्हिडिओ पाठवला. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून तो पाहिला, अकरा सेकंदांचा. तीन महिन्यांनी ते न्हाणीत घसरून पडले, तेव्हाही मी इथेच होते. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघाले, सकाळी पोहोचले. तोवर टाके घालून झाले होते.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९६५ मध्ये एका निबंधात मांडलं की दोन कर्तव्यांत टक्कर झाली आणि आपण योग्य ते निवडलं, तरी न निवडलेलं कर्तव्य पुसलं जात नाही. त्याची खंत मागे उरते, आणि ती उरणं म्हणजे आपली निवड चुकली असं नव्हे. मला याचा फार आधार वाटतो. पूर्वी मला वाटायचं, निर्णय बरोबर असेल तर मन शांत होईल. तसं होत नाही. ती ट्रॅव्हल्समधली रात्र माझ्या वाट्याची आहे, ती मी ‘घरासाठीच तर करतेय’ म्हणून दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकू शकत नाही.

यंदा भावाची बारावी झाली. परवा त्याचा फोन आला. त्याला छत्रपती संभाजीनगरला शिकायला जायचंय. मोबाईलमध्ये त्यानं दोन रकाने केले होते, मला पाठवत होता.

मी म्हटलं, “मला नंतर पाठव. आधी आईपप्पांजवळ जाऊन बस.”

तो म्हणाला, “बसलो होतो. आई म्हणाली, ताईला इचार, तिनं शब्द दिलाय.”

आता उत्तर मला द्यायचंय.