रथ आपला, रस्ता सगळ्यांचा



आजचं वाचन : कठोपनिषद, पहिला अध्याय, तिसरी वल्ली. रथाचं रूपक.

आज ३१ डिसेंबर. गेले आठ दिवस ऑफिसमध्ये चहाच्या टेबलावर एकच विषय आहे, नवीन वर्षाचे संकल्प. कुणाला दहा किलो वजन कमी करायचंय, कुणाला एसआयपी वाढवायचीय, कुणाला हाफ मॅरेथॉन पळायचीय. आपल्या सत्संगाच्या ग्रुपवर पण याद्या आल्यात : रोज हरिपाठ, रोज गीतेचा एक श्लोक, एकादशी न चुकता. सगळं छान आहे. पण या दोन्हीकडच्या याद्यांमध्ये मला एक गोष्ट कुठंच दिसली नाही. आपण रोज तास-दीड तास जे करतो, ज्यात आपला आणि दुसऱ्याचा जीव थेट आपल्या हातात असतो, त्या गाडी चालवण्याबद्दल कुणाचाच संकल्प नाही.

म्हणून वर्षाच्या शेवटच्या दिवशी रथाचं हे रूपक वाचायला घेतलं.

रूपक साधं आहे. शरीर हा रथ. आत्मा हा रथात बसलेला मालक. बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं म्हणजे घोडे आणि विषय म्हणजे ते घोडे ज्यावरून धावतात ते रस्ते. ज्याची बुद्धी जागी नाही आणि लगाम सैल आहे, त्याचे घोडे खोडील जनावरांसारखे सारथ्याचं ऐकत नाहीत. ज्याची बुद्धी जागी आणि मन आवरलेलं, तो वाटेच्या शेवटापर्यंत, विष्णूच्या परमपदापर्यंत पोचतो.

आता हे शिकवतंय कोण, ते बघा. नचिकेत नावाच्या लहान मुलाला हे सांगणारे गुरू आहेत साक्षात यमराज. रथ कसा हाकावा हे मृत्यूकडून शिकायचं! रस्ता सुरक्षा अभियानात कधीकधी चौकात यमराजाचा वेश घेतलेला माणूस उभा करतात आणि आपण हसून फोटो काढतो. खरं तर तो आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकातला मास्तर आहे.

आता हे रूपक उपनिषदातून काढून जरा वारजे ते हिंजवडी रस्त्यावर आणून बघू. माझा रोजचाच रस्ता आहे.

सिग्नलला लाल दिवा आहे. आकडे उलटे मोजले जातायत. दहा, नऊ, आठ... पाच आला की मागून हॉर्न सुरू होतात. हिरवा झालेला नाही, समोर अजून माणसं रस्ता ओलांडतायत, तरी चाकं पुढं सरकायला लागतात. इथं कोण काय करतंय? बुद्धीला सगळं माहिती आहे. लायसन्सच्या परीक्षेत तिनं सगळी उत्तरं बरोबर दिलेली असतात. पण हातातला लगाम सुटलाय आणि घोडे पुढं निघालेत. डोळ्याला मोकळी फट दिसली की गाडी तिकडं घुसते. कानाला फोनचं नोटिफिकेशन ऐकू आलं की हात खिशाकडं जातो. शेजारच्यानं कट मारला की पाय ॲक्सिलरेटरवर जोरात पडतो. मालक मागं बसून विचार करतोय, आज संध्याकाळी कीर्तनाला वेळेवर पोचायचंय!

मी इंजिनियर आहे, म्हणून थोडा हिशोबही मांडतो. दहा किलोमीटर अंतर सरासरी ४० च्या वेगानं गेलं तर १५ मिनिटं लागतात, सरासरी ५० नं गेलं तर १२. वाचली किती? ३ मिनिटं. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ४० चे ५० झाले की ती दीडपटीहून जास्त होते. तासाला ६० च्या वेगात फक्त ३ सेकंद फोनकडं बघितलं तर गाडी ५० मीटर पुढं गेलेली असते. तेवढे ५० मीटर डोळे मिटून चालवल्यासारखेच. ध्यानाला डोळे मिटायला आपल्याला जमत नाही आणि इथं मात्र सहज जमतं!

आणखी एक आकडा, जो वाचल्यावर मी थोडा वेळ पुढं काही लिहूच शकलो नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे दर तासाला सरासरी १९. तुम्ही सकाळची पूजा आटोपून नाश्ता करून निघेपर्यंत १९ घरांत फोन वाजलेला असतो. सगळ्यात जास्त मृत्यू कशामुळे, तर अतिवेगामुळे. हे नशीब म्हणून सोडून देता येणार नाही. यातलं बरंचसं सैल सुटलेल्या लगामाचं काम आहे.

आपण मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडतो. अहिंसा ही गीतेच्या सोळाव्या अध्यायातल्या दैवी गुणांच्या यादीत आहे, हे आपल्याला पाठ असतं. त्याच यादीत अक्रोध आहे आणि अचापल्यही आहे, म्हणजे उगाच चुळबूळ, उतावळेपणा नसणं. मला वाटतं, आपल्यासारख्या शहरात राहणाऱ्यांसाठी अहिंसेची पहिली परीक्षा ताटात नसून झेब्रा क्रॉसिंगवर आहे. काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना मध्ये थांबून हात वर करून आपल्याला विनवावं लागतं. ज्या देवाला भेटायला आपण आषाढीत चालत जातो, तो तिथं हात वर करून उभा आहे.

माझे एक मामा एसटीत ड्रायव्हर होते. साताऱ्याकडच्या घाटातल्या फेऱ्या त्यांनी वर्षानुवर्षं केल्या. सीटवर बसले की आधी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायचे, मग चावी. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "मामा, हा नमस्कार कुठल्या देवाला?" ते म्हणाले, "आरं, मागं पन्नास माणसं बसल्यात. माझ्या भरवशावर झोपत्यात ती. त्यांस्नी." पुढं मोठेपणी गीता वाचताना कर्म हीच पूजा असं कुणी समजावलं की मला मामांचा तो हात आठवतो. त्यांनी त्यावर कधी प्रवचन दिलं नाही. वळणावर एक हॉर्न, उतारावर खालचा गिअर आणि चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट, एवढंच त्यांचं शास्त्र.

तुम्ही म्हणाल, "दादा, पण आम्हाला खरंच घाई असते. लॉगिनची वेळ असते, स्टँडअप कॉल असतो." मान्य. मग घाईचीच एक गोष्ट सांगतो, महाभारताच्या द्रोणपर्वातली.

युद्धाचा चौदावा दिवस. आदल्या दिवशी अभिमन्यू मारला गेलाय. अर्जुनानं प्रतिज्ञा केलीय, आज सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर स्वतः अग्निप्रवेश करीन. यापेक्षा मोठा संकल्प आणि यापेक्षा कडक डेडलाइन कुणाची असेल? जयद्रथ अजून लांब आहे, मध्ये कौरवांचं सगळं सैन्य उभं आहे, सूर्य चाललाय. आणि अशा वेळी रथ थांबतो. घोडे दमलेत, त्यांच्या अंगात बाण रुतलेत. अर्जुन खाली उतरून पायी लढत शत्रूला थोपवून धरतो, बाणानं जमिनीतून पाणी काढतो. आणि भगवंत स्वतःच्या हातांनी घोड्यांच्या अंगातले बाण काढतात, त्यांना चोळतात, पाणी पाजतात, चारा घालतात. मग परत जुंपतात. आणि संकल्प सूर्यास्तापूर्वी पूर्ण होतो.

मला ही गोष्ट नवीन वर्षाच्या सगळ्या याद्यांवर उत्तर वाटते. आपले संकल्प जानेवारी संपता संपता मोडतात, कारण आपण घोड्यांना चाबूक मारतो, लगाम हातात घेत नाही. आपल्या रथावर सारथी म्हणून भगवंत हवेत असं आपण म्हणतो, डॅशबोर्डवर त्यांची मूर्तीही चिकटवतो. पण सारथी म्हणजे सजावट नाही. तो 'थांब' म्हणाला की थांबायची तयारी असेल, तरच तो सारथी.

सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत ती तक्रार खोडून काढत नाहीत. दोन उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. आपण हे दोन्ही उद्यापासून गाडीवर करून बघू.

अभ्यास म्हणजे रोज तीच छोटी गोष्ट. हेल्मेट नुसतं डोक्यावर न ठेवता त्याचा पट्टा लावायचा. फोन सॅकमध्ये, चेन बंद. थांबारेषेच्या मागं थांबायचं. यू-टर्न लांब पडतो म्हणून सर्व्हिस रोडनं उलटं यायचं नाही. आणि ९० सेकंदांचा सिग्नल लागला तर डोळे उघडे ठेवून, प्रत्येक श्वासाला एक नाम. सावकाश श्वास घेतला तर पंधरा-वीस नामं होतात. रोज सहा सिग्नल असतील तर माळेची एक फेरी जवळजवळ रस्त्यावरच पूर्ण!

वैराग्य म्हणजे ज्यानं कट मारला त्याला जाऊ द्यायचं. त्याच्या मागं लागून त्याला काही शिकवायचं नाही. रस्त्यातला तो दोन फुटांचा तुकडा आपला नव्हताच. जो माणूस गाडीचा एवढासा पुढचा नंबर सोडू शकत नाही, तो उद्या मोठ्या गोष्टींचा मोह कसा सोडणार?

"सगळेच तसे चालवतात, मी एकट्यानं काय होणार?" हा प्रश्न मला नेहमी येतो. गीतेचा तिसरा अध्याय सांगतो की लोक आपल्याकडे बघून वागतात. मोठं होऊन आदर्श बनायची वाट बघू नका. मागच्या सीटवर बसलेल्या तुमच्या मुलीसाठी तुम्ही आत्ताच श्रेष्ठ आहात. ती बाबा सिग्नलला काय करतो आणि कट मारणाऱ्याला काय म्हणतो, हे दोन्ही शिकतेय. आणि संकल्प नऊ जानेवारीला मोडला तर? दुसऱ्या अध्यायातलं आश्वासन लक्षात ठेवा, या वाटेवर केलेलं थोडंसुद्धा फुकट जात नाही. दहा जानेवारीला पुन्हा पट्टा लावा आणि निघा.

आणि आज रात्री एफसी रोडला किंवा कुठंही पार्टीला जाणाऱ्या मित्रांना एकच सांगा, प्यायला असशील तर चावी माझ्याकडे दे. सत्संगी मित्राचं आज रात्रीचं काम तेवढंच.

आजचा संकल्प : उद्या सकाळी चावी फिरवण्याआधी दोन सेकंद स्टिअरिंगला किंवा हँडलला हात लावून नमस्कार. रस्त्यावर जे जे भेटणार आहेत, त्या सगळ्यांना.

आजची प्रार्थना : हे पार्थसारथी, लगाम तुझ्या हातात देतो. मला लवकर पोचव असं मागत नाही. माझ्यामुळे कुणाचं घरी पोचणं राहू नये, एवढं कर.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. सावकाश या, सावकाश जा.

राम कृष्ण हरी!