मदत कुणाच्या हाती?

कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत हा प्रदेश आहे. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण सहापट, आणि वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. बहुतेक लोक इनुइट या मूलनिवासी समाजाचे. त्यांची 25 गावं इतकी विखुरलेली, की एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही. पीठ, साखर, डबाबंद जिन्नस उन्हाळ्यात समुद्रातला बर्फ वितळला की जहाजाने येतात. दूध, फळं, भाजी मात्र विमानाने. हवा बिघडली की विमान येत नाही आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या राहतात. साहजिकच दक्षिणेतल्या शहरात जो भाव, त्याच्या दुप्पट-तिप्पट इथे मोजावे लागतात.

2007-08 मधल्या इनुइट आरोग्य पाहणीत असं दिसलं, की नुनावुतमधली तीन ते पाच वर्षांची जवळजवळ 70 टक्के इनुइट मुलं पुरेशा अन्नाची शाश्वती नसलेल्या घरांत वाढत होती. हे जगातल्या एका श्रीमंत देशात.

सरकार हातावर हात ठेवून बसलं होतं असंही नाही. पूर्वी टपाल खात्यामार्फत स्वस्तात अन्न पाठवण्याची सोय होती. 2011 मध्ये तिच्या जागी ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ ही योजना आली. यात प्रत्येक किलोमागे ठरावीक अनुदान दुकानदाराला मिळतं आणि त्याने तेवढाच भाव उतरवावा अशी अपेक्षा असते. पण अपेक्षेवर पोट भरत नाही. 2012 मध्ये, मोर्चे काढायची सवय नसलेला हा समाज त्यांच्यातल्याच लीसी पापात्सी या बाईंच्या पुढाकाराने फलक घेऊन दुकानांसमोर उभा राहिला. 2014 मध्ये महालेखापालांनी स्पष्ट सांगितलं, की दुकानदार पूर्ण अनुदान गिऱ्हाइकापर्यंत पोचवतात का, याची योजना चालवणाऱ्या खात्याने खातरजमाच केलेली नाही. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी भाव तपासले, तेव्हा अनुदानाच्या एका डॉलरमागे भाव सरासरी 67 सेंटच उतरल्याचं आढळलं. जिथे गावात एकच दुकान, तिथे त्याहूनही कमी.

आपल्याकडच्या रेशनमध्ये त्रुटी कमी नाहीत. पण माणशी किती धान्य मिळायचं, हे कार्डधारकाला ठाऊक असतं. कमी मिळालं तर ‘माझं धान्य कुठे गेलं’ असं तो दुकानदाराला विचारू शकतो. नुनावुतमधल्या आईच्या हातात पावती असते. किती सूट मिळाली, ते त्यावर छापलेलंही असतं. पण मूळ भाव दुकानानेच लावलेला. मग ती कशाच्या बळावर विचारणार?

आणि हे लोक काही आयत्या अन्नाची वाट पाहणारे नव्हेत. सील, कॅरिबू हरणं, ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा यांवर त्यांच्या कित्येक पिढ्या जगल्या. आजही सील घरी आला की स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठा अंथरतात, भोवती सगळे बसतात, ‘उलू’ या अर्धगोल पात्याच्या सुरीने तुकडे कापले जातात आणि शेजारपाजारच्या घरीही वाटा जातो. पण शिकारीला जायचं तर स्नोमोबाइल हवी, पेट्रोल हवं, काडतुसं हवीत, आणि त्यांचे भावही उत्तरेतलेच. विमानाने येणाऱ्या अन्नाच्या भाड्यासाठी सरकारने वर्षानुवर्षं पैसा दिला. दाराशी असलेल्या अन्नासाठी शिकाऱ्यांना साहाय्य देणारी तरतूद या योजनेत यायला 2020 उजाडलं. उशिरा का होईना, ही वाट योग्य आहे. ती माणसाच्या हातातल्या कसबावर विश्वास टाकते.

मदत किती दिली, याचा आकडा देणाऱ्याला समाधान देतो. ती पोचली का, हे मात्र घेणाऱ्याच्या ताटातच कळतं. म्हणून सरकार असो की आपण स्वतः, कुणाला हात देताना आधी त्याच्याजवळ बसून विचारावं: तुला काय हवं आहे, आणि तुझं तुला काय करता येतं? दिलेलं नीट मिळालं का, हे पुन्हा जाऊन पाहावं. आणि त्याने हिशेब मागितला, तर तो उपकार विसरला असं समजू नये. तो त्याचा हक्क आहे.