औषधाचा अधिकारी कोण?

भारतीय शास्त्रपरंपरेत ‘अधिकार’ हा शब्द सत्तेपेक्षा पात्रतेसाठी योजला जातो. एखादी विद्या कोणी घ्यावी, हा त्यातला प्रश्न असतो, आणि आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांनाही त्याचे उत्तर पुरते सुटलेले दिसत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ब्राह्मण, क्षत्रिय व वैश्य यांना शिष्य म्हणून स्वीकारल्यावर, कुलगुणसंपन्न शूद्रासही उपनयनावाचून आणि मंत्र वगळून शिकवावे, हे ‘काहींचे मत’ म्हणून नोंदवले आहे. चरकसंहिता तर मान्य करते की शेळ्यामेंढ्या व गुरे राखणारे आणि वनात राहणारे लोक वनस्पती नामरूपाने ओळखतात. मात्र त्या वनस्पतींचा ‘योग’, म्हणजे देश, काळ व रुग्ण पाहून करायची योजना, जो जाणतो तोच तिच्या मते श्रेष्ठ वैद्य. हा भेद रास्त आहे, कारण अर्धवट माहितीने दिलेले औषध विषासारखे घातक ठरू शकते. पण वनवासीयाने नामरूपापाशीच का थांबावे, याचे कारण या भेदातून निघत नाही.

रायपूरच्या गोल बाजारातील जडीबुटीच्या दुकानांत हा प्रश्न अगदी हाताशी येतो. हिरड्याचे कोवळे, काळे, सुरकुतलेले फळ बाळहिरडा म्हणून निराळे विकले जाते आणि त्याच झाडाचे पक्व, पिवळसर फळ निराळे. कोणते केव्हा उतरवायचे, कसे वाळवायचे, हे रानात ते गोळा करणाऱ्याच्या हाताला ठाऊक असते, पण कागदाच्या पुडीत माल बांधला गेला की ते ज्ञान रानातच राहते.

१९४८च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध तयार करण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवला, आणि त्या नोंदणीला जन्माची अट नाही. एका अर्थी सुश्रुतातील ‘काहींचे मत’ येथे सर्वांसाठी आणि काहीही न वगळता कायदा झाले. तरीही त्यासाठी लागणाऱ्या पदविकेच्या दाराशी विज्ञान शाखेची बारावी उभी आहे, आणि ज्या गावाजवळच्या शाळेत रसायनशास्त्राचा शिक्षकच नाही, तेथील मुलीला आरक्षित जागा असूनही ते दार बंदच असते. २०११च्या जनगणनेनुसार छत्तीसगडची सुमारे ३१ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. याच प्रदेशात गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी सतनामाचा, म्हणजे एकाच सत्याचा, उपदेश करून माणसामाणसांतील उच्चनीचता नाकारली. सत्य एक असेल, तर त्याचा नामरूपाचा भाग एका समाजाला आणि योगाचा भाग दुसऱ्याला, ही वाटणी टिकत नाही.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. यातील द्रव्य, म्हणजे औषध, आज फार्मासिस्टच्या हाती असते, आणि ते रोग्यापर्यंत पोचते ते शब्दांतून. गोळी जेवणाआधी की नंतर, ताप उतरला तरी प्रतिजैविकाचा क्रम का पुरा करायचा, हे गोंडी वा हलबी बोलणाऱ्याला त्याच्या बोलीत सांगितले गेले नाही, तर चिठ्ठी अचूक असूनही हा पाद लंगडतो. म्हणून आदिवासी व दलित विद्यार्थ्यांना या शास्त्राकडे बोलावणे हा त्यांच्यावरील उपकार मानणे चूक आहे. गरज शास्त्राची आहे, आणि त्यासाठी कसोटी सैल करण्याचेही कारण नाही, कारण योगाचे ज्ञान चरकाला हवे होते तितकेच कठोर राहिले पाहिजे. त्याची तयारी मात्र आठवी-नववीपासून, गावाजवळच्या प्रयोगशाळेत आणि वसतिगृहात व्हावी लागेल. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकवले जाते. तेथे हिरड्यातील टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारे द्रव्य, मोजायला शिकलेली गोंड मुलगी ते फळ कोणत्या महिन्यात उतरवले, हे आधी विचारील.