बरणीवरचा कागद

एका गावात मायलेकी राहत होत्या. आई लसणीची सुकी चटणी करून विकायची. ओळखीचीच माणसं घेऊन जात, त्यामुळे बरणीवर कधी काही लिहावं लागलं नव्हतं. पुढे बचत गटाच्या विक्रीत जागा मिळाली आणि लेबलाची गरज पडली.

लेक कॉलेजात होती. घरी शाईचा प्रिंटर होता. तिने चिकट लेबलांची ए फोर पानं आणली. एका पानावर बारा लेबलं, दोन उभ्या रांगांत सहा-सहा. चटणीचं नाव तिने मोठ्या अक्षरांत घेतलं, भोवती वेलबुट्टी काढली. खाली बारीक अक्षरांत जिन्नस, वजन, किंमत, १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. तारखेची जागा कोरी ठेवली. ती हाताने घालायची होती.

पहिलं पान वाया गेलं. मधली लेबलं बरी आली, पण वरच्यांतला मजकूर खाली आणि खालच्यांतला वर सरकला. सगळं समासात मावावं म्हणून प्रिंटर मजकूर थोडा लहान करत होता. तिने ती सोय काढली आणि मूळ आकार, शंभर टक्के, असं निवडलं. मग आधी साध्या कागदावर छापलं, तो कागद चिकट पानावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरले. रेघेवर रेघ आली. तेव्हा कुठे तिने खरी पानं घातली. ओलं बोट लागलं की शाई पसरे, म्हणून प्रत्येक लेबलावर पारदर्शक चिकटपट्टीही लावली.

संध्याकाळपर्यंत छत्तीस बरण्या सजल्या. आईने एक बरणी हातात घेतली, फिरवून पाहिली. बारीक अक्षरं तिला दिसत नव्हती.

"काय लिहिलंस, वाच बघू."

लेकीने वाचलं. "सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ."

"आणि शेंगदाणे?"

"शेंगदाणे कुठे असतात आपल्या चटणीत?"

"या खेपेला खोबरं कमी पडलं. दोन वाट्या शेंगदाणे घातलेत."

लेक गप्प झाली. मग म्हणाली, "आई, एवढं बारीक कोण वाचतं? चव तर तीच आहे."

"वाचणारा वाचतो. काढ ते."

"मग याच्यावरच नवीन चिकटवू."

"खाली खोटं ठेवून वर खरं कशाला लावायचं?"

रात्री दोघी बसल्या. आधी नखाने चिकटपट्टी सोडवली, मग कागदावर ओलं फडकं ठेवलं. कागद मऊ झाला की खरवडला. काचेवर डिंक राहिला, तो खोबरेल तेलाने पुसला. छत्तीस बरण्या. लेकीची बोटं दुखली, पण आई थांबली नाही म्हणून तीही थांबली नाही. नव्या लेबलात शेंगदाणे लसणीच्या आधी आले, कारण ज्याचं वजन जास्त ते आधी लिहायचं असतं. खाली आणखी एक ओळ आली: यात शेंगदाणे आहेत.

विक्रीच्या दिवशी गर्दी होती. बायका नाव पाहत, वास घेत, बरणी पिशवीत टाकत. दुपारी एक बाई आली. तिने नावाकडे पाहिलंच नाही. बरणी उचलून सरळ बारीक अक्षरं वाचली आणि ती खाली ठेवली.

"माझ्या मुलाला शेंगदाणा चालत नाही. अंगभर गांधी उठतात, श्वास लागतो. बिनशेंगदाण्याची आहे का?"

लेकीने आईकडे पाहिलं. घरी मागच्या खेपेच्या चार बरण्या होत्या, पण त्यांच्याबद्दल ती काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "जुनी आहे थोडी. पण मी सगळं एकाच मिक्सरमध्ये वाटते, शेंगदाण्याचं कूटसुद्धा. शेंगदाणा अजिबात नाही असं सांगून तुम्हाला देता यायची नाही."

बाईने मान हलवली, "बरं झालं सांगितलंत," म्हणाली आणि काही न घेता पुढच्या टेबलाकडे गेली.

चटणी करणारी बाई प्रत्येक बरणीबरोबर घरोघरी जाऊ शकत नाही. तिथे तिच्या वतीने तेवढा कागद बोलतो. त्याच्यावरची वेलबुट्टी घेणाऱ्याला जवळ बोलावते, आणि ते काम लहान नाही. पण ज्या आईचा जीव मुलाच्या ताटात अडकलेला असतो, ती वेलबुट्टीच्या पलीकडचं वाचते. त्या दिवशी एक बरणी विकली गेली नाही, आणि लेबलाने आपलं काम केलं.

पुढच्या खेपेला लेकीने लेबल नव्याने मांडलं. वेल काढून टाकली, नाव थोडं लहान केलं, जिन्नस आईला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे मोठे घेतले. प्रिंटर सुरू करण्याआधी ती वही घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"आज काय काय घातलंस? वजनासकट सांग."

आईने तराजू पुढे ओढला आणि खोबऱ्यापासून सुरुवात केली.